चाळीस शनिवार, चाळीस जुने इंग्रजी पिक्चर

दावेदार | ५ एप्रिल, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

तरुणपणी इंग्रजी पिक्चर ढिगाने पाहिले, कळले मूठभर. ७५ ते ८० च्या सुमारास पुण्यात अलका नाहीतर कॅम्पातलं वेस्ट एंड. आम्ही मराठी माध्यमाचे, पडद्यावरचे साहेब तोंडातल्या तोंडात बोलणारे. पुढच्या रांगेतली कॉन्व्हेंटची मुलं हसली की आपण हसायचं, हा शिरस्ता. बाहेर टपरीवर चहा घेताना चौघांनी चार वेगळ्या गोष्टी सांगायच्या.

आता निवृत्त आहे. विमा कंपनीत ३३ वर्षं, त्यातली बहुतेक क्लेम खात्यात. मुलीने टीव्हीवर सबटायटल्स लावून दिली आणि वर टोमणा मारला, "बाबा, तुम्ही विसाव्या मिनिटाला घोरता." म्हणून ही पैज. ४० शनिवार, ४० पिक्चर, सगळे १९३४ ते १९६० मधले. रात्री साडेआठला सुरू, मोबाईल फ्रिजवर, आधी काही वाचायचं नाही. रविवारी सकाळी इथे लिहायचं. झोप लागली तर तसं कबूल करायचं.

१९३४ का? मुलीने सांगितलं म्हणून. पडद्यावर काय दाखवायचं नाही याची नियमावली हॉलिवूडवाल्यांनी १९३० मध्येच करून ठेवली होती, पण जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीन नावाच्या गृहस्थांनी ती कडक राबवायला घेतली. गुन्हेगार सुटता कामा नये, व्यभिचार गोड दिसता कामा नये, वगैरे. ते ऐकून माझे कान टवकारले. कागदावर जे नाही ते शोधण्यातच माझी नोकरी गेली. म्हटलं, बघू या या लोकांनी काय काय कुठे लपवलंय.

पहिला काल झाला. 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४, फ्रँक काप्रा). श्रीमंताची लेक घरातून पळते, बसमध्ये तिला नोकरी गेलेला बातमीदार भेटतो. पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हा तर 'दिल है के मानता नहीं'!" त्याच्याही आधीचा राज-नर्गिसचा 'चोरी चोरी' (१९५६) मला आठवला. दोघांना एका खोलीत रात्र काढायची वेळ येते. क्लार्क गेबल मध्ये दोरी बांधून तिच्यावर ब्लँकेट टाकतो आणि त्याला 'जेरिकोच्या भिंती' म्हणतो. बायबलात त्या भिंती तुताऱ्यांच्या आवाजाने पडतात. शेवटी नायक-नायिका दिसतच नाहीत. बाहेर खोल्यांचे मालक नवरा-बायको बुचकळ्यात पडलेले, आतून खेळण्यातल्या तुतारीचा आवाज, जमिनीवर पडणारं ब्लँकेट आणि दिवा बंद. आपल्याकडची दोन फुलं एकमेकांना टेकतात त्यापेक्षा हे किती तरी चावट आहे आणि आक्षेप घ्यायला जागाच नाही. गंमत अशी की पिक्चर फेब्रुवारीचा, म्हणजे ब्रीनसाहेबांची सक्ती सुरू व्हायच्या आधीचा.

झोप: नाही.

चहाबाज | ५ एप्रिल, सकाळी १०:०५

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). 'सिटिझन केन' कधी?

रानमोगरा | ५ एप्रिल, दुपारी १:२०

छान धागा, काका. मी पण येऊ का पैजेत? घरी सासूबाई आहेत, त्यांना सोबत घेईन. पण हे पिक्चर मिळतात कुठे?

पडदानशीन | ५ एप्रिल, रात्री ११:१५

रानमोगरा, काहींचा स्वामित्वहक्क वेळेवर नूतनीकरण न केल्याने संपला आहे, ते यूट्यूबवर बिनदिक्कत बघा. 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) त्यातलाच. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) चंही तसंच झालं होतं: थिएटरात पैसे बुडाले, १९७४ मध्ये हक्काचं नूतनीकरण राहून गेलं, मग टीव्हीवाले दर नाताळात तो फुकटात दाखवू लागले आणि त्यातूनच तो घराघरांत पोचला. पुढे स्टुडिओने त्याच्यावरचे हक्क वेगळ्या वाटेने परत मिळवले.

दावेदार, 'इट हॅपन्ड'ने चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्करं नेली होती. तसं पुन्हा व्हायला १९७५ चा 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' यावा लागला.

कॅम्पवाला | ६ एप्रिल, सकाळी ७:३०

दावेदार साहेब, वेस्ट एंडला पुढच्या रांगेत हसणारी ती कॉन्व्हेंटची मुलं म्हणजे आम्हीच. खरं सांगू? आम्हालाही अर्धं कळायचं नाही. आमच्या पुढे एक म्हातारे पारशी गृहस्थ बसायचे, ते हसले की आम्ही हसायचो.

दावेदार | ६ एप्रिल, सकाळी ८:०२

कॅम्पवाला, ५० वर्षांचा न्यूनगंड एका प्रतिसादात उतरवलात. पुण्यात असाल तर चहा माझ्याकडून.

दावेदार | १९ एप्रिल, सकाळी १०:१०

तिसरा शनिवार: 'कासाब्लांका' (१९४२). आवडला, पण एक तक्रार आहे. अख्खा पिक्चर दोन 'लेटर्स ऑफ ट्रान्झिट'वर उभा आहे. म्हणे ते कागद ज्याच्या हातात, त्याला कुणी अडवू शकत नाही. धारकाचं नाव नाही, पडताळणी नाही, रद्द करायची सोय नाही. अशा कागदावर मी दहा रुपयेसुद्धा मंजूर केले नसते.

बाकी हम्फ्री बोगार्ट कोट घालून नुसता उभा राहिला तरी पुरतो. कॅफेत जर्मन अधिकारी आपलं गाणं म्हणत असतात आणि समोरून बाकीचे सगळे फ्रान्सचं राष्ट्रगीत सुरू करतात. तिथे एक बाई रडत रडत गाते. अभिनय एवढा खरा कसा, हा प्रश्न पडला.

झोप: नाही, पण विमानतळावर धुकं आलं तेव्हा चष्म्यावरही आलं.

एडिसनकर | २० एप्रिल, पहाटे ५:४५

काका, तुमच्या पोटातली शंका बरोबर आहे. असे कागद प्रत्यक्षात नव्हतेच, ज्या नाटकावरून पिक्चर घेतला त्याच्या लेखकांची ती करामत.

आणि ते रडणं बरंचसं खरंच होतं. डोळ्यांत पाणी घेऊन गाणारा जो चेहरा मोठा करून दाखवतात तो माद्लेन लबो हिचा. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा ती आणि तिचा नवरा मार्सेल दालिओ फ्रान्समधून पळाले होते. दालिओसुद्धा याच पिक्चरमध्ये आहे, जुगाराच्या टेबलावरचा माणूस. नाझी मेजर झालेला कॉनराड फाइट स्वतः ज्यू बायकोला घेऊन जर्मनी सोडून आलेला. त्या कॅफेत बसलेल्यांपैकी कितीतरी जण घरदार टाकून आलेले होते, आणि चित्रीकरण चालू असताना युद्ध कोण जिंकणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी इथे एच-१बीवर सोळा वर्षं आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत हा पिक्चर वेगळाच दिसतो, एवढंच म्हणतो.

चहाबाज | २० एप्रिल, सकाळी ९:००

केन?

दावेदार | १० मे, सकाळी ९:१५

आज लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

काल 'डबल इन्डेम्निटी' (१९४४, दिग्दर्शक बिली वाइल्डर). नावावरच भाळलो होतो. आमच्याकडे याला 'डबल ॲक्सिडेंट बेनिफिट' म्हणतात, फायलीवर नुसतं 'डीएबी'. मृत्यू अपघाती असेल तर विम्याची रक्कम दुप्पट. इथे पन्नास हजार डॉलरची पॉलिसी आणि रेल्वे अपघात झाला तर एक लाख. एजंट नेफ (फ्रेड मॅकमरे) आणि गिऱ्हाइकाची बायको फिलिस (बार्बरा स्टॅनविक) त्या नवऱ्याची सही त्याला कळू न देता घेतात आणि मग त्याचा काटा काढतात. यात रहस्यभंग नाही, नेफ सुरुवातीलाच ऑफिसातल्या यंत्रासमोर बसून सगळं कबूल करतो.

खून गाडीत होतो आणि आपल्याला दिसत नाही. कॅमेरा पूर्ण वेळ फिलिसच्या चेहऱ्यावर. ती समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवतेय आणि शेजारच्या सीटवर तिचा नवरा मरतोय. तिच्या चेहऱ्यावर जे हललं ते बघून ही म्हणाली, "बाई गं, बंद करा." केला नाही.

पण माझा हिरो निराळाच. कीज, क्लेम मॅनेजर (एडवर्ड जी. रॉबिन्सन). बुटका, पोट सुटलेला, सिगार ओढणारा आणि कधीच जवळ काडी न बाळगणारा. त्याच्या आत एक 'छोटा माणूस' राहतो. क्लेम खोटा असला की तो छोटा माणूस जेवण पचू देत नाही. माझ्याही पोटात असा एक भाडेकरू ३३ वर्षं होता, मी त्याला ॲसिडिटी समजत आलो.

कंपनीचे मोठे साहेब म्हणतात, ही आत्महत्या आहे, पैसे द्यायला नकोत. (मोठे साहेब जगभर सारखेच.) कीज आत्महत्यांची कोष्टकं धडाधडा म्हणून दाखवतो: वयाप्रमाणे, धंद्याप्रमाणे, ऋतूप्रमाणे, विषाच्या प्रकाराप्रमाणे. आणि म्हणतो की ताशी पंधरा मैलांनी चाललेल्या रेल्वेगाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून आजवर कुणी जीव दिलेला नाही. साहेब गार.

मग येतो खरा मुद्दा. या माणसाचा पाय काही दिवसांपूर्वी मोडला होता. त्याच्याकडे अपघात विमा होता. तरी त्याने पायाचा क्लेम केला नाही. का? कीज खोलीत फेऱ्या मारत राहतो, आणि इथे मी सोफ्यावर सरळ होऊन बसलो. मिळणारा पैसा माणूस सोडत नाही, साहेब! सोडला, तर आपली पॉलिसी आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. इतका शुद्ध क्लेम-विचार मी कुठल्याही पिक्चरमध्ये पाहिलेला नाही. आमच्या प्रशिक्षणात हा लावायला हवा होता.

अजून दोन गोष्टी. एक, दार. कीज नेफच्या घरी अचानक येतो आणि तेवढ्यात फिलिसही पोचते. ती उघड्या दाराच्या मागे लपते, बाहेर, व्हरांड्यात. म्हणजे फ्लॅटचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं! कुठल्या बिल्डरने असं दार लावलं असतं? पण त्या दोन मिनिटांत मला श्वास घेता आला नाही, म्हणून बिल्डरला माफ केलं. दोन, काडी. पिक्चरभर नेफ अंगठ्याच्या नखावर काडी पेटवून कीजच्या सिगारला देतो. शेवटी काय होतं ते सांगत नाही. तेव्हा काडी कुणाच्या हातात असते ते बघा.

झोप: रात्री दीडपर्यंत लागली नाही.

पडदानशीन | १० मे, दुपारी १२:३०

काका, कडक! थोडी भर घालतो. जेम्स एम. केन यांची ही गोष्ट १९३५ मध्येच स्टुडिओंमध्ये फिरली होती, पण ब्रीनच्या कचेरीने असं पत्र धाडलं की सगळ्यांनी हात झटकले. अनेक वर्षं ती पडून राहिली. पटकथा वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांनी मिळून लिहिली, दोघांचं अजिबात पटत नव्हतं. कीजच्या ऑफिसबाहेर खुर्चीत वाचत बसलेला एक माणूस क्षणभर दिसतो, तो चँडलर. नेफला गॅस चेंबरमध्ये घालून मारतात असा शेवटही भरपूर खर्च करून चित्रित केला होता. वाइल्डरने तो काढून टाकला आणि तुमच्या काडीवर संपवला. सात ऑस्कर नामांकनं, पुरस्कार शून्य.

आडवाटे | १० मे, दुपारी ३:०५

रच्याकने (बाय द वे), आपला 'जिस्म' (२००३) याच कुळातला. त्यात कीज मात्र नाही, म्हणून मला फिका वाटतो.

चहाबाज | १० मे, दुपारी ३:४०

पडदानशीन, 'केन' म्हटलंत तेव्हा क्षणभर आशा वाटली होती. हलके घ्या.

काका, तुमच्या नोकरीत अशी एखादी केस झाली का?

दावेदार | १० मे, रात्री ९:५०

चहाबाज, पिक्चरसारखी नाही. पॉलिसी काढून थोड्याच वर्षांत माणूस गेला की 'अर्ली क्लेम', मग चौकशी ठरलेली. एकदा एका गावी गेलो होतो. बाई उंबऱ्यात बसून उत्तरं देत होती, एकही डोळ्यांत पाणी नाही, तारखा घडाघडा पाठ. पोटातला भाडेकरू ओरडायला लागला. अहवालात 'संशयास्पद' लिहिलं. आणखी चौकशी झाली, सहा महिने गेले. सगळं खरं निघालं. तारखा पाठ का होत्या? माझ्या आधी चार जणांनी त्याच विचारल्या होत्या. त्या वेळी मला खरंच ॲसिडिटी होती.

रानमोगरा | १७ मे, सायंकाळी ६:१५

आम्ही 'गॅसलाइट' (१९४४) पाहिला. नवरा वस्तू लपवतो, इन्ग्रिड बर्गमनलाच विसरभोळी ठरवतो, माळ्यावर तो दिवे लावतो तेव्हा तिच्या खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो आणि तरी म्हणतो की तुला भास होतात. हल्ली सगळे 'गॅसलायटिंग' म्हणतात तो शब्द या गोष्टीतून आला. सासूबाईंनी अर्ध्या तासात ओळखलं. म्हणाल्या, "आमच्या एका आत्याबाईंचे यजमान अस्सेच. फक्त तेव्हा त्याला शब्द नव्हता." नंतर बराच वेळ त्या गप्प होत्या. मग मला म्हणाल्या, पुढच्या शनिवारी काय आहे?

दावेदार | २४ मे, सकाळी १०:००

'द बिग स्लीप' (१९४६). निषेध नोंदवतो. मृतांची यादी करून बसलो होतो. मारेकरी जुळवता जुळवता एक ड्रायव्हर उरला. गाडीसकट समुद्रात सापडला, पण त्याला मारलं कुणी? शेवटची वीस मिनिटं पुन्हा लावली. एक मृत्यू हिशोबातच नाही! ही फाईल मी बंद करू शकत नाही.

झोप: नाही, चिडचिड.

पडदानशीन | २४ मे, सकाळी १०:२०

हाहाहा! चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सलाही हाच प्रश्न पडला होता. मूळ कादंबरी तुमच्या त्या खुर्चीत बसलेल्या चँडलरची. त्यालाच विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. फाईल ८० वर्षं उघडीच आहे.

दावेदार | १४ जून, सकाळी ११:३०

'गॉन विथ द विंड' (१९३९), जवळजवळ चार तास, म्हणून दोन शनिवारांत. रंग, पडदे, आग सगळं भव्य. पण गुलामांना त्या वाड्यात किती सुखात दाखवलंय! आमच्या गावच्या वाड्यावरच्या गड्यांबद्दल आमचे आजोबाही असंच सांगायचे, "घरच्यासारखे होते." गडी काय सांगायचे ते कुणी विचारलं नाही. मॅमी झालेल्या हॅटी मॅकडॅनिअलने मात्र सगळ्यांना खाऊन टाकलंय.

झोप: पहिल्या शनिवारी हो. कबूल.

एडिसनकर | १५ जून, पहाटे ६:१०

तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेलं पहिलं. समारंभात तिला बाकीच्यांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. त्याआधी अटलांटाला पिक्चरचा मोठा पहिला खेळ झाला, तिथे तर तिला जाताच आलं नाही, कारण थिएटर फक्त गोऱ्यांचं होतं.

चहाबाज | ५ जुलै, सकाळी ९:३०

धागा वर काढतोय. काका तीन आठवडे बेपत्ता. झोप लागली का?

दावेदार | ५ जुलै, रात्री ८:१५

मोतीबिंदू काढला. डोळ्याला हिरवी पट्टी बांधून घरात फिरतोय. डॉक्टरांनी पडदा बंद ठेवायला सांगितलंय. पैज ४० आठवड्यांची नाही, ४० पिक्चरांची, असा माझा अर्थ. पॉलिसीच्या अटी वाचता येतात मला.

आडवाटे | १२ जुलै, दुपारी ४:००

काका बरे होईपर्यंत किल्ला मी लढवतो. वाइल्डरचाच 'एस इन द होल' (१९५१). एक माणूस गुहेत अडकलाय. कर्क डग्लस बातमीदार आहे, बातमी लांबावी म्हणून तो सुटकेचा जवळचा मार्ग सोडून लांबचा घ्यायला लावतो. बाहेर जत्रा भरते, पाळणे येतात. मला सारखा २००६ चा प्रिन्स आठवत होता, कुरुक्षेत्राजवळ बोअरवेलमध्ये पडलेला पाच वर्षांचा मुलगा. तो सुटला, पण दोन दिवस सगळी चॅनेलं तिथेच ठाण मांडून होती आणि आम्ही हॉस्टेलच्या टीव्हीसमोर. पिक्चर तेव्हा अमेरिकेत आपटला. स्टुडिओने नाव बदलून 'द बिग कार्निव्हल' केलं, तरी आपटलाच.

दावेदार | ९ ऑगस्ट, सकाळी ९:००

दोन्ही डोळे झाले. नव्या डोळ्यांनी पहिला: 'द अपार्टमेंट' (१९६०). पुन्हा वाइल्डर, पुन्हा विमा कंपनी, आणि १६ वर्षांनी पुन्हा तोच फ्रेड मॅकमरे, आता एजंट नाही तर मोठा साहेब. माझा जीव मात्र जॅक लेमनमध्ये अडकला. बॅक्स्टर, १९ वा मजला, प्रीमियम अकाउंटिंग, टेबल नंबर ८६१. कंपनीत ३१,२५९ माणसं. महिना ८५ डॉलर भाड्याच्या घराची किल्ली साहेब लोकांना संध्याकाळी वापरायला देतो, कारण बढती हवी. स्वतः पावसाळी गारठ्यात बागेत बाकावर बसून शिंकतो.

आमच्याकडे किल्ली कुणी मागितली नाही. पण साहेबांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला आम्ही चौघे गेलो होतो, आणि त्या वर्षी चौघांचेही गोपनीय अहवाल चांगले गेले. हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.

आवडत्या मुलीची, शर्ली मॅकलेनची, खरी गोष्ट त्याला कशी कळते? आरशाने. साहेबांना परत केलेली तडा गेलेली पावडरची डबी, आणि नंतर तीच डबी तिच्या हातात. खुलाशाचं एकही वाक्य नाही. तो त्या फुटक्या आरशात स्वतःला बघतो, झालं. नवी टोपी बघायला आरसा हवा होता त्याला.

झोप: कसली.

पडदानशीन | ९ ऑगस्ट, सकाळी ११:४५

त्या ऑफिसच्या हॉलची गंमत: कलादिग्दर्शक अलेक्सांद्र त्रोनेर यांनी मागे मागे टेबलं लहान करत नेली आणि त्यांच्यामागे ठेंगणी माणसं बसवली, म्हणून तो संपतच नाही असं वाटतं. पाच ऑस्करं. आपल्याकडे 'लाइफ इन अ... मेट्रो' (२००७) मध्ये ही किल्ली आलीच.

दावेदार | ९ ऑगस्ट, दुपारी १२:१०

टेबलं लहान केली? मला ती माझ्या ऑफिसच्या मापाचीच वाटली.

असो. चहाबाज, चार महिने मागे लागला आहात. येत्या शनिवारी 'सिटिझन केन'. मरताना तो एक शब्द उच्चारतो आणि त्याचा अर्थ शोधत पिक्चर फिरतो, एवढंच मुलीने सांगितलंय. म्हणजे ही चौकशीचीच फाईल. कुणीही शेवट सांगू नये, ही हात जोडून विनंती.

चहाबाज | ९ ऑगस्ट, दुपारी १२:१४

अखेर!!! काका, शेवटी जेव्हा कळतं ना की तो शब्द म्हणजे त्याची लहानपणची [मजकूर संपादकांनी काढला आहे]

रानमोगरा | ९ ऑगस्ट, दुपारी १२:२०

चहाबाज!!!

चहाबाज | ९ ऑगस्ट, दुपारी १२:२२

अरे देवा. काका, वाचलंत का?

दावेदार | ९ ऑगस्ट, दुपारी १२:५५

वाचलं. नवीन डोळे आहेत, सगळं लख्ख दिसतं. शनिवारी साडेआठला लावतोय.